धरणाला मॉडेल, पार्किंगला अंदाजपंचे

पुण्यात पार्किंगचा विषय निघाला की चर्चा दोन ठरलेल्या जागांवरून सुरू होते आणि तिथेच संपते. एकीकडे सादरीकरण असतं. पडद्यावर रंगीत नकाशा, त्यावर मुंग्यांसारख्या फिरणाऱ्या मोटारी आणि शेवटी एक आकडा: 'संगणकीय अभ्यासानुसार' अमुक चौकात एवढ्या गाड्यांचं बहुमजली वाहनतळ हवं. दुसरीकडे संताप असतो: एसीत बसून चालवलेल्या संगणकाला लक्ष्मी रस्ता काय कळणार? मार्च 2018 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेसमोर पार्किंग धोरण आलं तेव्हा मोठा विरोध झाला आणि शेवटी ते पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक म्हणून मंजूर झालं. प्रयोग म्हटलं की आधी अपेक्षा लिहावी लागते आणि नंतर निकाल मोजावा लागतो. त्या पाच रस्त्यांवर नेमकं काय बदलेल, किती बदलेल आणि तसं झालं नाही तर ते कशावरून ओळखायचं, हा प्रश्न 'पैसे द्यायचे की नाही' या भांडणात बुडाला. वाद आजही त्याच वळणाने चालला आहे.

भूमिका आधीच मांडलेली बरी. वाहनतळ बांधणं, शुल्क लावणं, पी-1 पी-2 चं सम-विषम पार्किंग (एका तारखेला रस्त्याची एक बाजू, पुढच्या तारखेला दुसरी) हटवणं, रस्ता एकेरी करणं यांपैकी कोणताही निर्णय सिम्युलेशनशिवाय, म्हणजे संगणकात तो रस्ता चालवून बघितल्याशिवाय, घेऊ नये. पण ते सिम्युलेशन निकालपत्र म्हणून सभागृहात येता कामा नये. ते भाकीत म्हणून यावं: आकड्यांत, तारखेसकट, गृहीतकांसकट आणि चुकलं तर चुकलं म्हणता येईल अशा भाषेत. ज्या मॉडेलचं भाकीत असं पडताळता येत नाही ते कितीही देखणं असलं तरी पुरावा म्हणून धरू नये.

ही मागणी पुण्याला परकी नाही. 1916 साली मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याची एक छोटी शाखा म्हणून सुरू झालेलं आजचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथून तासाभराच्या अंतरावर, खडकवासल्यात आहे. धरणाच्या सांडव्याची, बंदराच्या लाटरोधक भिंतीची, नदीच्या वळणाची लहान प्रतिकृती करायची, तिच्यात प्रमाणात पाणी सोडायचं आणि सांडव्याखाली किती खड्डा पडतो ते बघायचं, हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. या शास्त्रातला पहिला धडा असा की नवा आराखडा मॉडेलमध्ये घालण्याआधी मॉडेलने जुनं वास्तव दाखवलं पाहिजे. आधी होऊन गेलेला पूर मॉडेलमध्ये सोडतात. नदीवर मोजलेली पाण्याची पातळी मॉडेलमध्ये उमटली, तरच पुढच्या प्रश्नाला हात घालतात. नाही उमटली, तर मॉडेलच्या तळाचा खडबडीतपणा बदलतात आणि पुन्हा तोच जुना पूर सोडतात. 'मॉडेलला नदी काय कळणार' असं तिथे कोणी म्हणत नाही आणि 'मॉडेलने सांगितलं म्हणून' एवढ्यावरही कोणी काँक्रीट ओतत नाही. पाण्याच्या बाबतीत जी शिस्त आपल्याला शंभर वर्षं ठाऊक आहे, ती गाड्यांच्या बाबतीत का नको?

नको म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा साध्या अक्कलहुशारीचा असतो. गाड्या जास्त आणि जागा कमी, यात संगणकाने सांगण्यासारखं काय आहे? अडचण अशी की पार्किंगमध्ये अक्कलहुशारी नेमकी गर्दीच्या वेळी दगा देते. एका रस्त्यावर 85 टक्के जागा भरलेल्या आहेत असं धरा. रिकाम्या जागा कुठेही विखुरलेल्या असतील, तर येणाऱ्या चालकाला सरासरी सातव्या जागेपाशी मोकळी जागा मिळेल. रस्त्याच्या कडेला एकामागे एक लावलेल्या मोटारीला सुमारे 6 मीटर धरले, तर हा शोध 40 मीटरचा. 95 टक्के भरल्यावर विसावी जागा, म्हणजे 120 मीटर. 99 टक्क्यांना शंभरावी जागा, 600 मीटर. पन्नासवरून पंच्याऐंशीवर जाताना चालकाला फारसं काही जाणवत नाही, पण पंच्याण्णववरून नव्याण्णववर जाताना शोध पाचपट लांबतो. डोळ्यांनी बघणाऱ्याला दोन्ही रस्ते सारखेच 'फुल्ल' दिसतात. आणि हे गणितसुद्धा आशावादी आहे, कारण खऱ्या रस्त्यावर रिकाम्या जागा विखुरलेल्या नसतात. तुळशीबागेजवळची कडा ठासून भरलेली असते आणि मोकळी जागा दोन चौक पलीकडे असते. रस्ता एकेरी असेल तर हुकलेल्या जागेसाठी मागे वळता येत नाही, पूर्ण वळसा घालावा लागतो. तो वळसा घेणारी गाडी आणखी दोन रस्त्यांवर गर्दी करते आणि तिथून बाहेर पडू बघणाऱ्यांना अडवते. हा गुंता सूत्राने सुटत नाही. प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे चालवून बघावी लागते आणि सिम्युलेशन म्हणजे तेवढंच.

दुसरं उदाहरण घ्या. एका बाजारपेठेत रस्त्याकडेला मोटारींच्या 60 जागा आहेत. दुकानाचे मालक आणि कर्मचारी यांच्या दहा गाड्या सकाळी दहाला लागतात आणि रात्री आठला निघतात. उरलेल्या 50 जागांवर गिऱ्हाईक सरासरी पाऊण तास थांबतं. दहा तासांत त्या 50 जागा साधारण 667 गाड्यांना पुरतात. म्हणजे दिवसभरातल्या दीड टक्के गाड्यांनी जागेचा सहावा हिस्सा धरून ठेवला. त्या दहा गाड्या चालत पाच मिनिटांवरच्या वाहनतळात गेल्या, तर त्याच रस्त्यावर आणखी 133 गिऱ्हाइकं गाडी लावू शकतात, एक वीटही न रचता. शुल्काला सर्वांत मोठा विरोध दुकानदारांचा असतो आणि शुल्काचा सर्वांत मोठा फायदाही त्यांच्याच गल्ल्यात पडण्याची शक्यता असते. हे त्यांना पटवायचं तर 'पार्किंग शिस्त' वगैरे शब्द निरुपयोगी आहेत. त्यांच्याच रस्त्याचे, त्यांच्याच दुकानासमोरचे आकडे दाखवावे लागतील.

'मग वाहनतळं बांधा, प्रश्न मिटेल' हा मुद्दा सर्वपक्षीय आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. इत्झाक बेनेन्सन, कारेल मार्टेन्स या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल अवीवमधल्या पार्किंगची टंचाई असलेल्या एका निवासी भागासाठी पार्कएजंट नावाचं सिम्युलेशन केलं आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात प्रत्येक चालक स्वतःच्या घराच्या दिशेने येतो, जवळ आल्यावर जागा शोधू लागतो, मिळाली ती घ्यायची की आणखी पुढे बघायचं हे ठरवतो आणि फार वेळ गेला की पैसे देऊन वाहनतळात जातो. जागा वाढवल्यावर काय झालं? ज्यांना फारच जास्त वेळ शोधावं लागत होतं अशांची संख्या जागांच्या प्रमाणात घटली. पण सरासरी शोधवेळ आणि गाडीपासून घरापर्यंतचं सरासरी चालणं यांवर परिणाम किरकोळच राहिला. ज्या सभेत वाहनतळ 'सगळ्यांचा त्रास मिटवेल' म्हणून मंजूर होतं, त्या सभेला हा फरक आधी कळायला हवा. कदाचित तरीही वाहनतळ योग्य ठरेल, कारण रोज रात्री अर्धा तास फिरणाऱ्या मोजक्या लोकांची सुटका हेही रास्त ध्येय आहे. पण मग तेच ध्येय म्हणून लिहावं.

आपल्याकडे तर आणखी एक विसंगती आहे. वाहनतळात शुल्क आणि बाहेर रस्त्यावर फुकट. मुंबईत विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(24) या तरतुदीखाली वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात सार्वजनिक वाहनतळं मिळवली गेली. पुढे जुलै 2019 मध्ये वाहनतळांपासून 500 मीटरच्या आत बेकायदा गाडी लावल्यास 5,000 रुपयांपासून सुरू होणारा दंड जाहीर करावा लागला. आधी जागा बांधायची आणि मग लोकांना तिथे ढकलण्यासाठी दंड शोधायचा, हा उलटा क्रम झाला. चालकाचा हिशेब साधा असतो. दंड 500 रुपये आहे आणि पन्नास वेळा चुकीच्या जागी गाडी लावली की एकदा पकडलं जातं, असं समजा. म्हणजे बेकायदा पार्किंगचा भाव एका खेपेला 10 रुपये. वाहनतळात 20 रुपये द्यायचे, वर 300 मीटर चालायचं, तर तो तिथे का जाईल? मजले दोन असोत की सात, या उत्तरात फरक पडत नाही. शुल्क आणि पकडले जाण्याची शक्यता हे दोन आकडे बदलून सिम्युलेशन चालवलं की वाहनतळ किती भरेल याचा पल्ला दिसतो, आणि तो पायाभरणीच्या आधी दिसतो.

यांत्रिक वाहनतळांचं तर विशेषच. प्रकल्प अहवालात 'क्षमता 100 मोटारी' असं लिहिलेलं असतं. पण गाडी वर नेऊन गाडी ठेवायची रिकामी ताटली खाली आणायला लिफ्टला दोन मिनिटं लागत असतील, तर एका लिफ्टची खरी क्षमता तासाला 30 गाड्या. नाट्यगृहाचा प्रयोग सुटल्यावर अर्ध्या तासात 60 जण आपली गाडी मागायला आले, तर शेवटच्याला एका लिफ्टवर दीड तास थांबावं लागेल, दोन लिफ्टवर अर्धा तास. एकदा असा अनुभव आलेला माणूस पुन्हा तिथे गाडी लावत नाही. वाहनतळ 'लोकांना सवय नाही' म्हणून ओस पडत नाही, ते रांगेमुळे ओस पडतं. आणि ही रांग कागदावर आधीच मोजता येते.

आता विरोधातल्या भक्कम मुद्द्यांकडे वळू. पहिला असा की ही सॉफ्टवेअर जर्मन रस्त्यांवर वाढलेली आहेत. व्हिसिम कार्लस्रूहेच्या कंपनीचं, सुमो जर्मन अंतराळ संशोधन केंद्राचं. त्यांच्या मूळ रचनेत गाडी मार्गिकेत चालते, पुढच्या गाडीमागे थांबते आणि आखलेल्या चौकोनात उभी राहते. पेठांमधली दुचाकी यांपैकी काहीच करत नाही. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि मूळ सेटिंग तशीच ठेवून केलेला कोणताही अभ्यास परत पाठवावा. पण आक्षेप मॉडेलच्या मांडणीवर आहे, मॉडेल करण्यावर नाही. मार्गिका न पाळणारी वाहतूक दाखवण्याची सोय दोन्हींत आहे, ती वापरावी लागते. दुचाकींसाठी 'जागा' मोजायचीच नाही, कडेची लांबी मोजायची. नियमात दुचाकीला 1 मीटर बाय 2 मीटर जागा धरतात. प्रत्यक्षात दहा मीटरच्या कडेत गर्दीच्या वेळी दहापेक्षा जास्त दुचाकी बसतात, कारण येणारा माणूस शेजारच्या दोन गाड्या हाताने सरकवून आपली घुसवतो. मग बाहेर काढायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ रस्त्याची एक बाजू अडते. सरकवण्याची ही क्रिया आणि तिला लागणारे सेकंद मॉडेलमध्ये नसतील, तर ते मॉडेल लक्ष्मी रस्त्याचं नाही.

त्याहून महत्त्वाची आहे नियम मोडणारी गाडी. 'दोन मिनिटांत आलो' म्हणून दुसऱ्या रांगेत थांबलेली मोटार, बसथांब्यावर लावलेली रिक्षा, फूटपाथवर चढवलेली स्कूटर. पीएमपीची बस अशा एका गाडीमागे अडकली की तिच्यामागचा सगळा रस्ता थांबतो. सिम्युलेशनमधले सगळे चालक सज्जन असतील, तर जागा न मिळालेली गाडी निमूटपणे फिरत राहते किंवा वाहनतळात जाते आणि अहवाल सांगतो की वाहनतळ भरेल. त्यामुळे चालकांच्या नियमांत चौथा पर्याय घालावाच लागतो: चुकीच्या जागी लावणं. त्याची शक्यता थांबण्याच्या वेळेवर, टोइंगच्या गाडीच्या फेऱ्यांवर आणि दंडावर अवलंबून ठेवायची. हे आकडे गोळा करणं अवघड नाही. कुठे, किती वेळ आणि कोणत्या प्रकारची गाडी हे मोजणाऱ्यांना डोळ्यांनी दिसतं.

मोजणी हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण सिम्युलेशन तिथेच तरतं किंवा बुडतं. सुरुवात कडेच्या यादीपासून. प्रत्येक रस्त्याची प्रत्येक बाजू चौकापासून चौकापर्यंत टेपने मोजायची आणि त्यातून वाड्यांची आणि सोसायट्यांची दारं, बसथांबे, रिक्षास्टँड, महावितरणची डीपी, कचऱ्याचा कंटेनर, पथारीवाल्यांच्या ठरलेल्या जागा आणि चौकाजवळची मोकळी सोडायची लांबी वजा करायची. नकाशावरची लांबी आणि उरलेली लांबी यांतला फरक नवख्याला चकित करतो. मग नंबरप्लेटच्या फेऱ्या. ठरलेल्या वाटेने दर 15 मिनिटांनी चालत जाऊन प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे नोंदवायचे. पूर्ण नंबर लागत नाही आणि नोंदवूही नये. फेरी तासाची ठेवली, तर वीस मिनिटं थांबून गेलेल्या बहुतेक गाड्या नोंदीतच येत नाहीत. मग सरासरी थांबा आहे त्यापेक्षा लांब दिसतो आणि शुल्काचे टप्पे चुकतात. मोजणी दोन कामाच्या दिवशी आणि एका शनिवारी, सकाळी दुकानं उघडण्याआधीपासून रात्री बंद होईपर्यंत. गणेशोत्सव आणि दिवाळीआधीचे आठवडे वेगळे मोजायचे. ते सरासरीत मिसळले की दोन्ही चित्रं बिघडतात.

यात एक सापळा आहे. भरलेला रस्ता फक्त भरलेला दिसतो. तिथे दहा जण जागा न मिळून निघून गेले की शंभर, हे नंबरप्लेटच्या फेरीत येत नाही. दडलेली ही मागणी शोधल्याशिवाय केलेलं मॉडेल भरलेल्या रस्त्यावर नेहमी कमी गर्दी दाखवतं. उपाय असा: दोन-तीन चौकांत माणसं बसवायची आणि पाव तासात तोच नंबर पुन्हा गेला की खूण करायची. शिवाय गाडी लावून चालत निघालेल्यांना तीन प्रश्न विचारायचे: कुठे चाललात, किती मिनिटं जागा शोधली, आधी कुठे प्रयत्न केला? जे कंटाळून घरी परतले ते यातही सापडत नाहीत. म्हणून मॉडेल मागणीच्या एकाच आकड्यावर न चालवता कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पातळ्यांवर चालवायचं.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मॉडेलांचा वापर बहुधा आधीच ठरलेल्या निर्णयावर शिक्का मारायला होतो. 1950 च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोमध्ये मोठे वाहतूक अभ्यास झाले. पुढची अनेक दशकं जगभर त्याच पद्धतीने 'इतकी वाहनं येणार, म्हणून इतके रस्ते हवेत' असं सिद्ध केलं गेलं. नवा रस्ता स्वतःच नवी वाहतूक निर्माण करतो, हे त्या हिशेबात नीट धरलेलं नसायचं. ब्रिटनमध्ये सरकारच्या सल्लागार समितीने 1994 मध्ये ते अधिकृतपणे मान्य केलं, तोवर पुष्कळ डांबर पडून गेलं होतं. पार्किंगलाही हेच लागू आहे: सोयीची जागा वाढली की आज बसने किंवा मेट्रोने येणाऱ्यांतले काही जण गाडी काढतात. सप्टेंबर 2024 पासून मंडईला भुयारी मेट्रोचं स्थानक आहे. तिथल्या पार्किंगचा कोणताही अभ्यास मेट्रोआधीच्या मोजणीवर किंवा 'मागणी स्थिर आहे' या गृहीतकावर उभा असेल, तर तो वाचायचीही गरज नाही.

शिक्का मारण्याच्या युक्त्या माहीत असल्या की पकडता येतात. पहिली, एकच धाव, म्हणजे सिम्युलेशन एकदाच चालवणं. सिम्युलेशनमध्ये गाड्या कधी येणार हे यादृच्छिक असतं. सुरुवातीचा यादृच्छिक आकडा बदलला की निकाल बदलतो. ठासून भरलेल्या रस्त्यावर तर एका धावेत शोधवेळ चार मिनिटं आणि दुसरीत नऊ येऊ शकते. किमान तीसेक धावा करून सरासरीबरोबर पसारा, म्हणजे निकाल किती खाली-वर होतो तेही, द्यायला हवा. एकच आकडा देणाऱ्याने सोयीची धाव निवडली नसेल याची खात्री नाही. दुसरी युक्ती सीमेची. मॉडेलचा नकाशा वाहनतळाभोवतीच्या चार रस्त्यांपुरता ठेवला, की शुल्क लावल्यावर पाचव्या रस्त्यावर सरकलेल्या गाड्या गणितातून नाहीशा होतात. प्रत्यक्षात त्या शेजारच्या पेठेतल्या बोळांत उभ्या असतात. तिसरी युक्ती सफाईदार आहे. मॉडेलमधल्या गाड्यांची संख्या रस्त्यावर मोजलेल्या संख्येशी किती जुळते हे तपासायला जीईएच नावाचा निकष वापरतात. मोजलेल्या 85 टक्के ठिकाणी तो पाचाच्या खाली आला की मॉडेल मान्य धरण्याचा प्रघात आहे. पण तो निकष रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आहे. बाजीराव रस्त्यावरची बहुतेक वाहनं तिथे थांबायला आलेलीच नसतात. ती बरोबर मोजली गेली म्हणून पार्किंग बरोबर आलं असं होत नाही. पार्किंगच्या मॉडेलची परीक्षा पार्किंगवरच घ्यायला हवी: प्रत्येक कडेचा भरलेपणा, थांबण्याच्या वेळांची विभागणी, शोधवेळ. आणि ती परीक्षा अशा दिवसावर हवी जो मॉडेल बसवताना वापरलेला नाही.

शिक्का मारला जातो म्हणून मॉडेल टाकून द्यावं का? टाकून दिलं तर निर्णय थांबत नाहीत, ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या अंदाजाने होतात आणि तो अंदाज कुठेच लिहिलेला नसतो. लिहिलेली चूक पकडता येते. 1922 साली लुईस फ्राय रिचर्डसन यांनी गणिताने हवामान वर्तवण्याचा पहिला प्रयत्न प्रसिद्ध केला. त्यांच्या उत्तरात सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारने बदलत होता, प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. त्यांनी ती चूक सगळ्या आकडेमोडीसह छापली, म्हणून पुढच्यांना ती कुठे झाली हे शोधता आलं आणि 1950 मध्ये संगणकावरचा पहिला हवामानाचा अंदाज निघाला. शिवाजीनगरला हवामान खात्याचं शिमला ऑफिस आहे. तिथल्या पावसाच्या अंदाजांवर पुणेकर आयुष्यभर टीका करतो, आणि तशी टीका करता येते याचं कारण तो अंदाज आधी जाहीर झालेला असतो. पार्किंगच्या अंदाजावर अशी टीका करायची सोय आज आपल्याकडे नाही.

ही सोय करता येते हे सॅन फ्रान्सिस्कोने दाखवलं. 2011 ते 2013 या काळात एसएफपार्क प्रयोगात पार्किंग मीटर असलेल्या सुमारे 7,000 जागांवर मागणीनुसार दर बदलले. लक्ष्य आधीच जाहीर होतं: कडा 60 ते 80 टक्के भरलेली असावी. जास्त भरली तर तासाचा दर 25 सेंटनी वर, कमी भरली तर खाली, आणि हे बदल दोन-दोन महिन्यांच्या अंतराने. तुलनेसाठी दर न बदललेले भागही ठेवले होते. जून 2014 मध्ये मूल्यमापन प्रसिद्ध झालं. शोधवेळ प्रयोगाच्या भागात 43 टक्क्यांनी घटली, तुलनेच्या भागात 13 टक्क्यांनी. तुलनेचा भाग नसता तर सगळ्या 43 टक्क्यांचं श्रेय दरांनी घेतलं असतं. आणि लोकांना वाटत होतं त्याच्या उलट, मीटरचा सरासरी दर सुमारे 4 टक्क्यांनी उतरला, कारण ओस पडलेल्या कडा स्वस्त झाल्या. पुढे अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांवर सिम्युलेशन करून एक बारकावा दाखवला: तासाची सरासरी 80 टक्के असली, तरी त्या तासातली काही मिनिटं कडा पूर्ण भरलेली असू शकते आणि गाड्या फिरतात त्या नेमक्या तेवढ्या मिनिटांत. लक्ष्य सरासरीचं ठेवायचं की 'एक तरी जागा रिकामी असण्याच्या' शक्यतेचं, हा धोरणाचा प्रश्न त्यातून पुढे आला. अर्थात तिथले सेन्सर, तिथल्या मोटारी आणि तिथले मीटर इथे आणून चालणार नाहीत. जमिनीत बसवलेले ते सेन्सर तिथेही 2013 अखेर बंद करावे लागले. आणण्यासारखं आहे ते आधी लक्ष्य लिहिणं आणि नंतर सगळं उघड मोजणं.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: रस्ता कोणाचा हे संगणक ठरवू शकत नाही. मान्यच आहे. पादचाऱ्याला दोन मीटर द्यायचे की मोटारीला, पथारीवाल्याची भाकरी आणि गिऱ्हाइकाची सोय यांत काय वजनदार, वाड्यात भाड्याने राहणाऱ्याला रात्री फुकट जागेचा हक्क आहे का, ही उत्तरं निवडून दिलेल्या माणसांनी लोकांसमोर द्यायची असतात. पण ती देताना कोणाच्या वाट्याला काय येतं हे दिसायला नको का? सरासरी शोधवेळ एक मिनिटाने घटली, या वाक्यात मोटारवाल्याची चार मिनिटं वाचलेली असू शकतात आणि दुचाकीवाल्याची वाढलेली. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक प्रवासी वेगळा असल्याने हिशेब गटवार मांडता येतो: दुचाकी, चारचाकी, बसमधले प्रवासी, रहिवासी, माल उतरवणारे टेंपो. तसा मांडण्याची सक्ती करावी लागेल, कारण सांगितल्याशिवाय कोणी तो मांडत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. मे 2025 मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी पार्किंगची जागा असल्याचा दाखला असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नाही, असा विचार मांडला. जपानमध्ये असा कायदा 1962 पासून आहे. एका दिवसाच्या रस्त्याचं सिम्युलेशन या प्रश्नाला जवळपास निरुपयोगी आहे. पुढच्या दहा वर्षांत लोक किती गाड्या घेतील, दाखल्यासाठी कागदोपत्री जागा कशा निर्माण होतील, हे त्याच्या कक्षेबाहेरचं आहे. तिथे कोणी पडद्यावर फिरत्या मोटारी दाखवून निष्कर्ष काढू लागला, तर त्याला थांबवावं.

खर्चाचा मुद्दा मात्र लवकर निपटतो. सुमो मोफत आहे आणि त्याचा मूळ कोड खुला आहे. मोजणीला प्रशिक्षित विद्यार्थी पुरतात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची या शहराला वाण नाही. पैसा लागतो तो दरवर्षी पुन्हा मोजण्यासाठी, आणि तो एका वाहनतळाच्या पायाच्या खर्चापुढे क्षुल्लक आहे. सध्या तोटा होतो वेगळ्याच ठिकाणी: मॉडेल सल्लागाराकडे राहतं आणि महापालिकेला फक्त छापील अहवाल मिळतो. पुढच्या वर्षी रस्ता एकेरी झाला की तो अहवाल रद्दी होतो आणि नवी निविदा निघते. मॉडेलच्या फायली, मोजणीचे तक्ते आणि चालकांचे नियम महापालिकेच्या मालकीचे आणि कोणालाही उतरवून घेता येतील असे असावेत, ही अट निविदेतच हवी. देयकाचा शेवटचा हप्ता वर्षभरानंतरच्या फेरमोजणीला बांधावा.

सुरुवात एखाद्या पी-1 पी-2 च्या रस्त्यापासून करता येईल. सम-विषम पद्धत काढून एका बाजूला कायमचं सशुल्क पार्किंग आणि दुसऱ्या बाजूला रुंद फूटपाथ असा प्रस्ताव असेल, तर निर्णयाच्या महिनाभर आधी क्षेत्रीय कार्यालयात एक कागद लावावा. त्यावर चार ओळी: संध्याकाळी सहा ते आठ कडा किती टक्के भरेल, सरासरी थांबा किती मिनिटांवर येईल, शेजारच्या कोणत्या दोन बोळांत किती दुचाकी वाढतील, बसला तो रस्ता पार करायला किती सेकंद लागतील. प्रत्येक आकड्यापुढे पसारा आणि फेरमोजणीची तारीख. आणि सभागृहात पडद्यावर त्या मोटारी फिरायला लागल्या, की हात वर करून सल्लागाराला एवढंच म्हणावं: यातली चुकीच्या जागी लावलेली गाडी दाखवा.